‘बी लाइक’ अशुद्ध कसं?

प्रश्न असा आहे: सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या फोटोवर ‘सांगलीकर बी लाइक (be like) : आज किती फूट?’ असं मीम फिरतंय. तिथं ‘बी’ऐवजी ‘आर’ (are) नको का? की कुत्र्याच्या ‘मच वाव’सारखं हेही मुद्दाम मोडकंतोडकं इंग्रजी?

हे दोन एका माळेचे मणी नव्हेत. ‘मच वाव’ हे जपानी शिबा इनू कुत्र्याच्या फोटोवरचं, २०१३ च्या सुमारास गाजलेलं, जाणूनबुजून बिघडवलेलं इंग्रजी. त्याचं तेवढंच. ‘बी’ मात्र अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीतला पक्क्या नियमाचा प्रयोग आहे, आणि त्याला अडाणीपणा म्हणणारे इंग्रजीचे मास्तर ऐकले की माझं डोकं फिरतं. ‘तो दुकानात आहे’ आणि ‘तो दुकानात असतो’ यांत आपण कधी गल्लत करतो का? ‘बी’ म्हणजे हा ‘असतो’. जॅनिस जॅक्सन या अभ्यासिकेनं लहान मुलांना चित्र दाखवलं: ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या कार्यक्रमातला कुकीवेडा कुकी मॉन्स्टर आजारी पडलाय, आणि त्यातलाच दुसरा बाहुला एल्मो कुकी खातोय. ‘हू इज ईटिंग?’ याचं उत्तर आलं, एल्मो. ‘हू बी ईटिंग?’ म्हटल्यावर मात्र कृष्णवर्णीय मुलांनी बहुतेक वेळा कुकी मॉन्स्टरचं नाव घेतलं. एरवी खात असतो तो तोच ना!

खरी मजा व्युत्पत्तीत आहे. आयरिश भाषेत आत्ता ‘आहे’ म्हणायला ‘ता’, नेहमी ‘असतो’ म्हणायला ‘बीअन’. यातला ‘ता’ आपल्या संस्कृत ‘स्था’चा सख्खा भाऊ, तर ‘बीअन’ आणि इंग्रजी ‘बी’ दोन्ही ‘भू’च्या घरातले. ‘इज’ म्हणजे ‘अस्ति’चा भाऊबंद. तीन धातू, तिन्ही आपल्या ओळखीचे! आयर्लंडमधल्या इंग्रजीत याच ‘असतो’साठी ‘डू बी’ आजही ऐकू येतं. माझ्या मते अमेरिकेतला ‘बी’ त्याच वाटेनं आला. काही पंडित म्हणतात, छे, तो कॅरिबियनमधल्या ‘डझ बी’तून आला. अहो, पण सतराव्या शतकात बार्बाडोस आणि मॉन्सेराटच्या मळ्यांवर कराराने राबायला आयरिश माणसंच नेली होती. मग त्या बेटांवर ‘डझ बी’ कुणाच्या तोंडून पोचलं, हे या मंडळींनी आधी सांगावं.

मीमबद्दल म्हणाल, तर ते बरोबर आहे. कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की दर पावसाळ्यात सांगलीकर हेच विचारत असतो. चूक आहे ती ‘मी आत्ता बी लाइक’ लिहिणाऱ्यांची. ‘आत्ता’ म्हटलं की तिथं ‘बी’ बसत नाही.