क्रूझवर जाताना इलेक्ट्रिक केटल, टोस्टर, छोटा राइस कुकर सोबत नेता येतो का?

तिन्ही वस्तू घरीच ठेवा. ज्यात कॉइल तापते असं काहीही केबिनमध्ये चालत नाही. कॉफी मेकर, हॉट प्लेट, पाणी तापवायची रॉड, इतकंच काय कपड्यांची इस्त्री आणि स्टीमरही नाही. हेअर ड्रायर मात्र बहुतेक कंपन्या चालवून घेतात. तो हातात धरूनच वापरावा लागतो, चालू ठेवून डेकवर फिरायला जाता येत नाही, म्हणून असेल.

हे सगळं मी अनुभवाने शिकले. पहिल्या क्रूझला मी मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक छोटी घडीची केटल ठेवली होती. बंदरावर मोठ्या बॅगा आपल्याकडून घेतात, त्या स्कॅनरमधून जातात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येऊन पडतात. नवऱ्याची बॅग आली, माझी येईना. जेवायची वेळ झाली, अंगावर प्रवासातलेच कपडे. शेवटी निरोप आला की खालच्या डेकवर सुरक्षा विभागात या. तिथे माझ्यासारखे बरेच जण ओळीत उभे, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर उभं केल्यासारखे. बॅग मलाच उघडायला लावली, केटल काढून घेतली, हातात पावती दिली. शेवटच्या दिवशी उतरताना ती परत मिळाली.

तेव्हा राग आला होता. चहापुरतं पाणी तापवणारी एवढीशी वस्तू, तिचा काय एवढा बाऊ! पण भर समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाची गाडी येत नाही. जहाजावरच्याच लोकांना ती विझवावी लागते. मायामीहून नासाऊला निघालेलं ‘यार्मथ कॅसल’ जहाज 13 नोव्हेंबर 1965 ला जळालं, त्यात 90 माणसं गेली. मार्च 2006 मध्ये जमैकाजवळ ‘स्टार प्रिन्सेस’च्या एका बाल्कनीत आग लागली, बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगारेटमुळे. तीत शेकडो केबिनचं नुकसान झालं आणि एक प्रवासी दगावला. एका थोटकाने एवढं होत असेल, तर हजारभर केबिनमध्ये हजारभर केटल चालू ठेवायला कोण परवानगी देईल?

दुसरी भानगड व्होल्टेजची. पुष्कळ जहाजांवर केबिनमध्ये 110 आणि 220 व्होल्टचे सॉकेट शेजारीशेजारी असतात. 220 वर चालणारी 1500 वॉटची केटल 110 मध्ये लावली तर तिची ताकद चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे जेमतेम 375 वॉट. पाणी उकळेपर्यंत तुम्हाला झोप लागेल. उलटं केलं, 110 ची वस्तू 220 मध्ये लावली, तर ताकद चौपट होऊ पाहते आणि वस्तू जळते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण केटलइतकीच हमखास अडकणारी वस्तू म्हणजे एक्स्टेंशन बोर्ड. त्यात सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय, असेल तर तो बोर्ड जप्त होतो. घरात विजेच्या दोन तारांपैकी एक, न्यूट्रल, ही अर्थला म्हणजे जमिनीला जोडलेली असते. जहाजावर बऱ्याचदा तसं नसतं, दोन्ही तारांत विजेचा दाब असतो. घरगुती सर्ज प्रोटेक्टर बिघाड झाला की एकच तार तोडतो, दुसरी जिवंतच राहते आणि तो तापत जातो. अमेरिकन कोस्ट गार्डने 2013 मध्ये याबद्दल इशाराच काढला होता. फोन चार्ज करायला साधा यूएसबी चार्जर न्या, त्यात दोन-तीन फोन भागतात.

आता गरम पाण्याचं. मोठ्या जहाजांवर बुफेच्या मजल्यावर चहा-कॉफीचं मशीन सहसा रात्रंदिवस चालू असतं. चांगला स्टीलचा थर्मास न्या, रात्री भरून ठेवा, पहाटे केबिनमध्येच चहा. मी हल्ली एवढंच करते, आणि केटलची आठवणही येत नाही. पी अँड ओ आणि कुनार्डसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर तर केबिनमध्ये केटल त्यांचीच असते. तान्ह्या बाळाची बाटली गरम करायचं यंत्र किंवा झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावायचं सीपॅप मशीन असेल, तर बुकिंगनंतर लगेच कंपनीला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा. तोंडी ‘चालेल हो’वर विसंबू नका.

आणि क्रूझच्या आधी किंवा नंतर हॉटेलात राहणार म्हणून केटल न्यायचीच असेल, तर ती हातातल्या बॅगेत ठेवा. मग गेलीच तर एकटी केटल जाईल, संध्याकाळी जेवायला जाताना कपडे तरी बदलता येतील.