‘प्रीएम्प्ट’ म्हणजे नुसतं रोखणं नव्हे

‘प्रीएम्प्ट’चा अर्थ शब्दकोशात ‘आधीच रोखणे’ दिलाय, मग तो ‘प्रिव्हेंट’पेक्षा वेगळा कसा, असं तुम्ही विचारलंय. मी लातूरकडचा, निम्मं आयुष्य जमिनीच्या कागदांत गेलं, म्हणून जमिनीपासूनच सुरू करतो.

या शब्दाच्या पोटात लॅटिन ‘एमेरे’ आहे, म्हणजे विकत घेणे. दुसऱ्याच्या आधी विकत घेणं, हा मूळ अर्थ. ‘प्रीएम्प्शन’ हे नाम जुनं. क्रियापद त्यावरून एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पडलं. तिथे १८४१ च्या कायद्याने सरकारी जमिनीवर वस्ती करून राहिलेल्याला ती लिलावाआधी, १६० एकरांपर्यंत, विकत घेता येई.

आपल्याला हे परकं नाही. इस्लामी कायद्यात याला ‘शुफा’ म्हणतात: हिस्सा बाहेरच्याला विकला, तर सहहिस्सेदाराने तेवढीच किंमत मोजून तो आपल्याकडे घ्यायचा. मराठीत अग्रक्रयाधिकार. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ चं कलम २२ तेच सांगतं. वारशातला हिस्सा भावाने विकायला काढला, तर आधी हक्क बाकीच्या वारसांचा. शेतजमिनीलाही ते लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. तिऱ्हाईत बांधावर यायच्या आत आपण व्यवहार उरकायचा!

आजचा अर्थ यातूनच आला. समोरच्याची चाल ओळखायची आणि त्याला ती खेळायला जागाच ठेवायची नाही. दारात चप्पल काढता काढताच ‘जेवूनच निघालो बरं का’ म्हणणारा पावणा यजमानाचा आग्रह प्रीएम्प्ट करत असतो. (आमच्याकडे ते कधी साधत नाही, ताट येतंच.) पावसाआधी पत्र्याची भोकं बुजवली, तर गळती ‘प्रिव्हेंट’ केली. पाऊस काही तुमच्याशी डाव खेळत नसतो. इंग्रजीत हल्ली अडचणीसुद्धा ‘प्रीएम्प्ट’ करतात, पण मला ते सैल वाटतं.

वाक्यात वापरताना एक बघा: ‘प्रिव्हेंट’ला मागे ‘फ्रॉम’ जोडता येतो, ‘प्रीएम्प्ट’ला नाही. त्याला थेट कर्म लागतं, प्रश्न, टीका, विरोधकाची घोषणा असं काहीतरी.

‘पुढाकार घेणे’ हे भाषांतर मी टाळतो, कारण पुढाकाराला समोर कुणी लागत नाही. मराठीत एका शब्दाचा हट्टच धरू नका. ‘ही प्रीएम्प्टेड माय क्वेश्चन’ याचं सरळ मराठी: मी तोंड उघडायच्या आत त्यानं उत्तर देऊन टाकलं.