ऑइल फिल्टर घेताना नंबर आधी, नाव नंतर

या वेळी ऑइल फिल्टरबद्दलच बरेच प्रश्न आलेत, त्यामुळे हा अख्खा कॉलम त्यालाच देतोय.

प्रश्न : नमस्कार दादा, माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, वॉरंटी संपलीय, घोडबंदर रोडवरून रोज ऐरोलीला ऑफिसला जाते. या वर्षीपासून सर्व्हिस ओळखीच्या मेकॅनिककडे करायची ठरवलीय, तो म्हणाला ऑइल आणि फिल्टर तुम्हीच घेऊन या म्हणजे तुम्हालाही समाधान. स्पेअरपार्टच्या दुकानात गेले तर त्याने माझ्याच गाडीचे म्हणून चार फिल्टर काउंटरवर ठेवले, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात चौपट फरक, आणि दिसायला सगळे सारखेच. चांगला कुठला हे ओळखायचं कसं?
— एक वाचिका, कासारवडवली

उत्तर : ताई, घेण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत, कारण हा पार्ट बाहेरून बघून कळतच नाही. रंग दिलेला पत्र्याचा डबा आणि तोंडाला एक रबर, एवढंच दिसतं, चांगलं-वाईट जे काय आहे ते सगळं आत. म्हणून आधी आत काय असतं ते सांगतो, मग दुकानात काय बघायचं ते लगेच लक्षात येईल.

ऑइल पंप इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधलं ऑइल खेचतो आणि ते बेअरिंगला पोचायच्या आधी फिल्टरमधून जातं. फिल्टर उलटा करून तोंड बघा. कडेला गोलाकार छोटी छोटी भोकं असतात, तिथून ऑइल आत शिरतं, घड्या घातलेल्या कागदातून गाळून निघतं आणि मधल्या मोठ्या, आटे पाडलेल्या भोकातून परत इंजिनात. आता बेअरिंगमध्ये ऑइलचा जो थर असतो ना तो जेमतेम काही मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि त्या थराच्या मापाचेच कण, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे, जास्त झीज करतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे जे कण इंजिन खातात ते डोळ्याला दिसतच नाहीत आणि डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइल बघून फिल्टरचं काम कळत नाही. स्वस्त फिल्टरमध्ये हा कागद कमी घड्यांचा असतो, घड्या कुठे दाट कुठे विरळ, डिंक नीट लागलेला नसतो, आणि एकदा का कागद कडेने सुटला की ऑइल गाळल्याशिवाय तसंच पुढे जातं आणि वर बसलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. बॉक्सवर '९९ टक्के फिल्टरेशन' वाचून खूश होऊ नका, किती मायक्रॉनला ९९ टक्के ते लिहिलंय का बघा. ही टेस्ट करायचं स्टँडर्ड आयएसओ ४५४८-१२, चांगल्या कंपन्या त्याप्रमाणे मोजलेला आकडा मायक्रॉनसकट देतात.

कागदाइतकेच महत्त्वाचे दोन व्हॉल्व्ह. पहिला अँटी ड्रेनबॅक व्हॉल्व्ह, म्हणजे त्या छोट्या भोकांच्या मागे बसवलेली रबराची चकती. गाडी बंद केल्यावर फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू नये म्हणून ती असते. हे रबर हलकं असेल तर काही महिन्यांत कडक होतं, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो, आणि सकाळी स्टार्ट केलं की दोन-तीन सेकंद खडखड आवाज आणि ऑइलचा लाल दिवा उशिरा विझतो. ते दोन-तीन सेकंद इंजिन जवळजवळ कोरडं फिरतंय, रोज सकाळी. ज्या गाड्यांत फिल्टर आडवा किंवा उलटा बसतो त्यांना तर हा व्हॉल्व्ह चांगलाच लागतो. दुकानात भोकांतून डोकावून बघा, काळं रबर बहुतेक नायट्राइल असतं, केशरी-लाल असेल तर बहुतेक सिलिकॉन, ते गरमीत जास्त टिकतं. नायट्राइल वाईट असं अजिबात नाही, वेळेवर बदलणार असाल तर पुरतं, फक्त हाताला मऊ आणि सगळीकडून टेकलेलं हवं.

दुसरा बायपास व्हॉल्व्ह. कागद चोंदला किंवा ऑइल थंड आणि घट्ट असलं तर इंजिनाला ऑइल मिळणं थांबू नये म्हणून तो उघडतो आणि न गाळलेलं का होईना पण ऑइल जाऊ देतो. तो किती प्रेशरला उघडायचा हे इंजिनाप्रमाणे ठरतं, आणि इथेच 'चालून जाईल' म्हणून दिलेला फिल्टर घात करतो. आटे जुळले, रबर जुळलं, डबा बसला, पण आतला व्हॉल्व्ह दुसऱ्याच इंजिनासाठीचा, लवकर उघडणारा, म्हणजे तुमचं ऑइल बराच वेळ न गाळताच फिरतंय.

आणि आटेसुद्धा जुळल्यासारखे वाटतात, जुळलेले नसतात. दोन मापं फार चालतात, एक ३/४ इंच-१६ (इंचाला १६ आटे) आणि दुसरं एम २० × १.५ (दर दीड मिलिमीटरला एक आटा). पहिल्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर, दुसऱ्याचा २०, फरक एक मिलिमीटरचासुद्धा नाही. एम २० चा फिल्टर ३/४ च्या स्टडवर, म्हणजे इंजिनावरच्या आट्यांच्या नळीवर, चढतो, रबर टेकलं की आवळल्यासारखाही वाटतो, पण आटे धड धरलेले नसतात, आणि प्रेशर आलं की कधीतरी सुटतो. भर रस्त्यात सगळं ऑइल खाली, आणि लाल दिवा दिसेपर्यंत इंजिन गेलेलं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की आधी नंबर, मग माल खरा आहे का, आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. मॅन्युअलमधून किंवा चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवरून पार्ट नंबर काढा, मोबाईलमध्ये लिहून ठेवा, दुकानात गाडीचं नाव सांगण्याऐवजी तो नंबर सांगा. एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे इंजिन बदलतं, दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही. दुसऱ्या ब्रँडचा घ्यायचा तर त्याच्या कॅटलॉगमध्ये तुमच्या नंबरासमोर तो आहे का तेवढं बघा.

साध्या पेट्रोल गाडीला मी तरी गाडीच्या कंपनीचाच फिल्टर सांगेन, मारुतीला मारुतीचा, ह्युंदाईला मोबिसचा, कारण छोट्या गाड्यांचे हे फिल्टर मुळात महाग नसतात आणि व्हॉल्व्हचं टेन्शन राहत नाही. तो नाही मिळाला तर बॉश, माह्ले, मान, प्युरोलेटर, फरिदाबादची एलोफिक, पुण्याची फ्लीटगार्ड, यातला बरोबर नंबरचा कुठलाही बिनधास्त घ्या. प्रश्न डुप्लिकेट मालाचा आहे, आणि डुप्लिकेट खपणाऱ्या नावाचाच निघतो. बॉक्सवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी हवीच, तो कायदा आहे. बॉक्सवरचा नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच हवा. प्रिंट पुसट, होलोग्राम कागदासारखा सपाट, आट्यांना पत्र्याचा कीस लागलेला, रबर खाचेत सैल फिरतंय, असं काही दिसलं तर परत ठेवा. क्यूआर कोड असेल तर तिथेच उभं राहून स्कॅन करा. आणि पक्कं बिल मागा, बिल म्हटल्यावर जो दुकानदार कुरकुरतो त्याच्याकडून फिल्टर घेऊ नका, मग तो एमआरपीच्या अर्ध्यात देत असला तरी. तुमच्या चारांपैकी सगळ्यात स्वस्तवाल्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं का, आठवून बघा.

प्रश्न : सीएनजी गाडी आहे, खारघर ते ठाणे रोज. मेकॅनिक म्हणतो सीएनजीत ऑइल काळं पडत नाही, फिल्टर एक सर्व्हिस आड बदलला तरी चालेल. खरंय का?
— एक वाचक, खारघर

उत्तर : नाही, दर ऑइलला नवा फिल्टर. सीएनजीत काजळी कमी धरते म्हणून ऑइल साफ दिसतं हे खरं, पण गरमीने ते आतून जुनं होतच असतं आणि धातूचा कीस तर पडतोच. शिवाय जुन्या फिल्टरमध्ये पाव लिटरच्या आसपास जुनं ऑइल राहतं, नवीन ऑइलमध्ये तेच मिसळणार. उलट डिझेलवाल्यांना सांगतो, तुमचं ऑइल आठवड्यात काळं झालं म्हणून फिल्टरला नावं ठेवू नका, काजळीचे कण इतके बारीक असतात की ते कागदातून जाणारच.

किलोमीटरचं म्हणाल तर आपल्याकडे नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. हिशोब करा, शिळफाट्याला किंवा घोडबंदरला गायमुखपासून माजिवड्यापर्यंत अडकत गाडीचा सरासरी वेग ताशी १५ पडला तर १०,००० किलोमीटरला इंजिन ६६० तासांच्या वर चाललं. तेच एक्सप्रेसवेला ६० च्या सरासरीने १७० तासांच्या आत होतं. मीटर एकच आकडा दाखवतो, फिल्टरने मात्र चौपट काम केलेलं असतं. मॅन्युअलमध्ये जड वापराचं वेगळं कोष्टक असतं, धूळ, सतत आयडलिंग (गाडी उभी, इंजिन चालू), छोट्या फेऱ्या, ते आपल्यासाठीच छापलंय असं समजा आणि त्याप्रमाणे लवकर बदला. वर्ष झालं की किलोमीटर कमी असले तरी बदला.

प्रश्न : नवीन फिल्टर टाकला आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑइलचा डाग. मेकॅनिक म्हणतो तुम्ही आणलेला फिल्टर खराब. ओरिजिनल होता हो!
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : फिल्टर खराब निघतोही, पण असं गळतं तेव्हा पहिला संशय जुन्या रबरावर. जुना फिल्टर काढताना त्याचं रबर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहतं, वरून नवा बसला की दोन रबरं एकावर एक, आणि ती कधीही घसरतात. गाडी चालवू नका, आहे तिथेच मेकॅनिकला बोलवा आणि फिल्टर खोलून तुमच्यासमोर बघायला सांगा.

बसवायची पद्धत अशी, जागा स्वच्छ पुसायची, नवीन रबराला बोटाने नवीन ऑइल लावायचं, हाताने फिरवत रबर टेकेपर्यंत न्यायचं आणि तिथून साधारण पाऊण फेरा हातानेच, डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तसं. बेल्टचा पाना खोलायला असतो, आवळायला नाही, पान्याने पिळला की रबर चेपतं आणि पुढच्या वेळी डबा फाटेल पण निघणार नाही. ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या खालच्या बोल्टचा, वॉशर नवीन. मग गाडी अर्धा मिनिट आयडलला ठेवून खाली वाकून बघायचं, बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक. स्विफ्टच्या जुन्या १.३ डिझेलसारख्या गाड्यांत डबा नसतोच, प्लॅस्टिकच्या टोपीत नुसता कागदाचा फिल्टर असतो, तिथे बॉक्समधली ओ रिंग (रबराची गोल रिंग) टोपीच्या बरोबर खाचेत बसली पाहिजे आणि टोपी तिच्यावर छापलेल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच) आवळली पाहिजे, जास्त ओढली तर तडकते.

प्रश्न : गाडी वॉरंटीत आहे, बाहेर फिल्टर बदलला तर वॉरंटी जाते का?
— एक वाचिका, पाचपाखाडी

उत्तर : २०१४ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने (भारतीय स्पर्धा आयोगाने) स्पेअरपार्टच्या प्रकरणात १४ कार कंपन्यांना दंड केला तेव्हा हेही सांगितलं होतं की केवळ बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी नाकारता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलात गेलं. माझा सल्ला साधा, वॉरंटी आहे तोवर सर्व्हिस सेंटरला करा, त्या दोन-तीन वर्षांत वाचणाऱ्या पैशासाठी इंजिनाच्या क्लेमवर वाद कशाला.

प्रश्न : घरीच ऑइल बदलतो. जुना फिल्टर आणि ऑइल कुठे टाकू?
— एक वाचक, कळवा

उत्तर : गटारात किंवा नाल्यात अजिबात नाही, घंटागाडीतही नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं, आणि आपल्याकडचे बरेचसे नाले शेवटी ठाणे खाडीत जातात, २०२२ मध्ये जिला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला ती हीच, फ्लेमिंगोंची. फिल्टर गरम असतानाच डब्याच्या वरच्या बाजूला एक भोक पाडा, तोंड खाली करून रात्रभर एखाद्या भांड्यावर निथळत ठेवा, निघालेलं ऑइल नवीन ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा. ओळखीच्या मोठ्या गॅरेजला दोन्ही नेऊन द्या, त्यांच्याकडे ड्रममध्ये साठवून रजिस्टर्ड रिसायकलरला देतात, पण तसं देतात ना हे आधी विचारून घ्या. आणि एवढं घरी करताच आहात तर एकदा तो निथळलेला डबा कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. काळा चिकट गाळ ठीक आहे, पण चमचमणारा कीस दिसला तर लोहचुंबक फिरवा, आणि पितळी-तांबूस रंगाचा, चुंबकाला न चिकटणारा कीस असेल तर तो बहुतेक बेअरिंगचा, मग त्याच आठवड्यात ऑइल प्रेशर तपासून घ्या.