आईंचं चूर्ण एकदम बंद करू नका

निपाणीच्या ताई, आई बद्धकोष्ठासाठी वर्षानुवर्षं रात्री पोट साफ करायचं चूर्ण घेतात आणि नव्या डॉक्टरांनी ‘आतड्याला सवय लागलीय, आजपासून सगळं बंद’ असं सांगितलंय, हे वाचून मला आमचे अप्पाच आठवले. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पाणी, पालेभाजी, चालणं हे कुणीही सांगेल, ते सोडते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बेळगावातल्या एका दवाखान्यात (नाव घेत नाही, उगाच वाद नको) अप्पांचंही चूर्ण असंच बंद केलं. आणि त्याच चिठ्ठीवर ट्रॅमाडॉल (दुखणं थांबवायची गोळी), लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम! तिन्ही मळ घट्ट करणारी. फोन केला की काउंटरवरून उत्तर, ‘केळं द्या, होतंय.’ शेवटी मळाचा खडा इतका घट्ट बसला की बाजूनं नुसतं पाणी झिरपायला लागलं. तिथल्याच एकानं ते जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी दिली! अजून आठवलं तरी डोकं तापतं. दुसऱ्या डॉक्टरांनी बोटानं तपासलं तेव्हा उलगडा झाला, मग एनिमा.

ही सवयीची भीती जुनी आहे. नेहमीच्या डोसात सोनामुखी (बऱ्याच चूर्णांत हीच असते) किंवा बिसाकोडिल या रेचक गोळीनं आतड्याच्या नसा कायमच्या निकामी होतात, याला भक्कम पुरावा नाही, असं आता पोटाचे डॉक्टर म्हणतात. सोनामुखीनं आतडं आतून काळपट दिसतं, पण ते निरुपद्रवी असतं आणि औषध थांबवलं की हळूहळू जातं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या 2023 च्या सूचनांत पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या (पाणी धरून मळ मऊ करणाऱ्या) पावडरीची ठाम शिफारस आहे. बिसाकोडिल थोडे दिवस किंवा अडल्यावेळी. शंभर वर्षांपूर्वी भीती उलटी होती, मळ साठला की अंगात विष भिनतं म्हणायचे. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर त्यापायी मोठं आतडंच काढून टाकायचे. आम्हा पोरांना नाक दाबून एरंडेल पाजायचे, तेही त्याच धाकानं असणार. रोज शौचाला झालीच पाहिजे असंही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं ठीकच धरतात.

इसबगोल देणार असाल तर पेलाभर पाण्यासोबतच. रात्री उठायला नको म्हणून म्हातारी माणसं दोन घोटांत गिळतात, मग ते घशात नाहीतर आतड्यात अडकायची भीती. घरी कमोड असेल तर पायाखाली ठेंगणा पाट द्या, जोर कमी लागतो.

रक्त पडतंय, वजन उतरतंय किंवा सवय अचानक बदललीय, तर मात्र माझं काही ऐकत बसू नका, तपासून घ्या. जाताना चूर्णाचा डबा न्या, सोनामुखी किती ते मागं बारीक अक्षरात असतं. आणि ‘एक चमचा’ म्हणजे कुठला, तेही आईंना विचारा. अप्पांचा आमटीच्या पळीएवढा निघाला.