वाचकांचे प्रश्न : लदिनीतल्या चार हाका

ख्रिस्ती धर्मातल्या त्रैक्याबद्दल, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याबद्दल, हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांतले सात प्रश्न येथे घेतले आहेत. बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे. त्रैक्याकडे बेरजेचे गणित म्हणून पाहिले जाते आणि ते सुटत नाही. लोक आधी प्रार्थना करीत होते आणि तिची नेमकी भाषा नंतर घडली, हे ध्यानात घेतले की पुष्कळ गाठी सैल होतात.

प्रश्न : आमच्या वाड्यावर खुरसाकडे (क्रुसापाशी) लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, होते. आम्ही हिंदू शेजारीही जातो, शेवटी चणे घेऊन परततो. गाणे लॅटिनमध्ये असल्याने काही कळत नाही. ख्रिस्ती लोक तीन देवांना भजतात की एकाला? आणि सायबीण, म्हणजे मरियामाता, चौथी का? (डिचोली)

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या लदिनीतच आहेत, पुढच्या वेळी कान देऊन ऐका. ‘किरिये एलेइसोन’ (प्रभो, दया कर) आणि ख्रिस्ताला केलेल्या विनवण्या झाल्या की चार ओळी येतात. ‘पातेर दे चेलिस देउस’, म्हणजे स्वर्गातल्या पित्या, देवा. ‘फिली रेदेम्प्तोर मुंदी देउस’, जगाच्या तारका पुत्रा, देवा. ‘स्पिरितुस सांक्ते देउस’, पवित्र आत्म्या, देवा. आणि चौथी ‘सांक्ता त्रिनितास, उनुस देउस’ : पवित्र त्रैक्या, एका देवा. तिघांनाही ‘देउस’ म्हटले, आणि लगेच ‘उनुस’, एकच, हेही म्हटले. या चारही ओळींवर जमाव म्हणतो, ‘मिझेरेरे नोबिस’, आम्हांवर दया कर.

पाचव्या ओळीपासून सायबिणीची नावे सुरू होतात आणि जमावाचे उत्तर बदलते. ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर. दया करणारा देव, विनंती करणारी सायबीण. ती चौथी नाही आणि देवही नाही. चाल तीच राहते, म्हणून हा फरक सहज निसटतो.

आता एक आणि तीन. ‘एक देव म्हणजे तीन देव’ असे कोणी म्हटले तर ते विसंगतच ठरेल. पण सिद्धान्त तसे म्हणत नाही. एक काय, तर तत्त्व, ग्रीकमध्ये ‘उसिया’. तीन काय, तर व्यक्ती, ग्रीकमध्ये ‘हिपोस्तासिस’. ही वाटणी चौथ्या शतकात कप्पदुकियाच्या बेसिल, नाझियान्झसचा ग्रेगरी आणि निस्साचा ग्रेगरी या तिघांनी पक्की केली. पिता देव आहे, पुत्र देव आहे, आत्मा देव आहे. पिता पुत्र नव्हे, पुत्र आत्मा नव्हे, आत्मा पिता नव्हे. आणि देव एकच. या सातांपैकी एकही विधान सुटले की सगळे बिघडते.

मराठीत ‘व्यक्ती’ शब्दाने मात्र घोटाळा होतो. चार व्यक्ती म्हटल्या की आपल्याला चार डोकी, चार मर्जी दिसतात. देवाच्या ठायी इच्छा एक, सामर्थ्य एक, ज्ञान एक. तिघांत वेगळे एवढेच की पिता कोणापासून नाही, पुत्र पित्यापासून जन्मलेला आहे आणि आत्मा निघालेला आहे. आत्मा केवळ पित्यापासून की पिता आणि पुत्र या दोघांपासून, यावर पूर्वेकडच्या व पश्चिमेकडच्या चर्चचा वाद झाला. १०५४ च्या फुटीमागच्या कारणांत तोही होता, आणि तो आजही मिटलेला नाही.

प्रश्न : साखळीच्या दत्तमंदिरात आम्ही नेमाने जातो. ब्रह्मा, विष्णू, महेश एका दत्तरूपात. ख्रिस्ती त्रैक्य हेच नव्हे का? (साखळी)

उत्तर : नाही. आणि ‘नाही’ म्हणण्याने दोघांपैकी कोणाचाच मान कमी होत नाही. त्रिमूर्तीत कामे वाटलेली आहेत : उत्पत्ती, स्थिती, लय. त्रैक्यात काम वाटलेले नाही. सृष्टी पित्याने, शब्दाद्वारे म्हणजे पुत्राद्वारे, आत्म्याच्या ठायी केली. ती तिघांची एकच कृती. दत्तात्रेयात तीन देवांचे अंश अत्री-अनसूयेच्या पोटी एका रूपात येतात. ख्रिस्ती श्रद्धेत मनुष्य झाला तो फक्त पुत्र, तोही एकदाच. पिता मनुष्य झाला नाही, आत्माही झाला नाही.

याहून जवळचा शब्द सुचवला तो बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी. १८९८ मध्ये त्यांनी ‘वन्दे सच्चिदानन्दम्’ हे संस्कृत स्तोत्र रचून सत्, चित्, आनंद यांतून पिता, पुत्र, आत्मा गाइले. हा प्रयत्न आम्हांला फार मोलाचा वाटतो, कारण ते तीन शब्द वेगळे काढता येत नाहीत. मर्यादा एवढीच, की सत् चित्‌शी बोलत नाही, चित् सत्‌वर प्रेम करीत नाही. बायबलमध्ये पुत्र पित्याशी बोलतो.

आपल्याकडे हा शब्दांचा शोध फार जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापले गेले. पहिल्याच ओवीत देवाला ‘देवा बापा सर्वसमर्था’ अशी हाक आहे. ‘बाप’ हा घरचा शब्द त्यांना देवासाठी हलका वाटला नाही. पवित्र आत्म्यासाठी मात्र गोव्याच्या कोंकणी प्रार्थनांत ‘इस्पिरित सांत’ हा पोर्तुगीज वळणाचा शब्द दीर्घकाळ टिकला.

प्रश्न : मी रविवारी मुलांना दोतोर्न (धर्मशिक्षण) शिकवते. पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण चालेल का? दुसरे कोणते द्यावे? (वास्को)

उत्तर : ते उदाहरण सोडून द्या. तेच पाणी आधी बर्फ, मग पाणी, मग वाफ. म्हणजे एकच देव वेळ पाहून तीन सोंगे घेतो. तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावाने ओळखली गेलेली चूक हीच. एक माणूस कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कोणाचा बाप, हे उदाहरणही त्याच खड्ड्यात पडते. नारळ घ्याल तर उलटी चूक होते. करवंटी, खोबरे आणि पाणी हे नारळाचे भाग आहेत, एकटी करवंटी म्हणजे नारळ नव्हे. पुत्र मात्र देवाचा तिसरा हिस्सा नाही, पूर्ण देव आहे.

त्यातल्या त्यात बरे उदाहरण दिव्याचे. एका वातीवरून दुसरी लावली तर पहिलीचा उजेड कमी होत नाही आणि दुसरीचा उजेड हलक्या प्रतीचा नसतो. विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीत, ‘प्रकाशापासून प्रकाश’ म्हटले आहे ते याच अर्थाने. पण पुढे दोन दिवे वेगळे ठेवता येतात, पिता-पुत्र वेगळे ठेवता येत नाहीत. उदाहरण कुठे तुटते हे मुलांना त्याच तासाला सांगा. न सांगितलेले तुटणेच पुढे डोक्यात पक्के बसते.

उदाहरणापेक्षा प्रसंग घ्या. मार्कचे शुभवर्तमान, अध्याय १, ओव्या ९ ते ११, येशूचा बाप्तिस्मा. वाचायला मिनिटसुद्धा लागत नाही. पहिल्यांदा तुम्ही वाचा. दुसऱ्यांदा मुलांना विचारा : पाण्यात कोण उभा आहे? उतरते कोण? आवाज कोणाचा? पाण्यात पुत्र, उतरतो तो आत्मा, आवाज पित्याचा. तिघे एकाच क्षणी हजर आहेत, त्यामुळे सोंगांची कल्पना तिथेच गळते. मग विचारा, आवाज काय म्हणतो? ‘तू माझा प्रिय पुत्र आहेस.’ म्हणजे या तिघांत प्रेम आहे आणि ते बोलून दाखवले जाते. शेवटी सर्वांनी सावकाश खुरसाची खूण करायची : कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा, आणि ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ म्हणताना ‘नावाने’ हा शब्द एकवचनी आहे हे ऐकायचे. मत्तयाच्या २८ व्या अध्यायातल्या १९ व्या ओवीतही नाव एकच आणि पुढे तिघे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना एका तासात इतके पुरे. ‘तत्त्व’ आणि ‘व्यक्ती’ थोडी मोठी झाल्यावर.

प्रश्न : ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ असे येशू स्वतः म्हणतो (योहान १४:२८). शिवाय बाप आधी, मुलगा नंतर. मग पुत्र बरोबरीचा कसा? (मडगाव)

उत्तर : हाच प्रश्न अलेक्झांड्रियाच्या आरियसने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला उभा केला. पुत्र नव्हता अशी एक अवस्था होती, तो निर्मितीतला पहिला आणि सर्वश्रेष्ठ, पण निर्मितच, असे त्याचे म्हणणे. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेने उत्तर दिले : जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. पवित्र आत्म्याविषयीचा भाग ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला विस्तारला.

बाप आधी हा नियम काळात जगणाऱ्यांचा. सूर्य आधी आणि उजेड नंतर असा क्षण दाखवता येत नाही, तसेच इथेही. ‘थोर आहे’ हे बोलणारा मनुष्य झालेला पुत्र आहे, आणि योहानाच्याच १० व्या अध्यायात तो ‘मी आणि पिता एक आहोत’ असेही म्हणतो. दोन्ही वाक्ये ठेवायची. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या परिषदेने ती ठेवण्याची जागा दिली : एकच व्यक्ती, पण पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य.

हा शब्दांचा कीस नव्हता. निकेयाची बाजू धरणारा अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याने त्यासाठी पाच वेळा हद्दपारी सोसली. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट दोन्ही धक्क्यांना लागते म्हणून माणूस पलीकडे पोचतो. ख्रिस्त नुसता श्रेष्ठ प्राणी असेल तर बोट आपल्याच धक्क्यावर घुटमळते. नुसता देव असेल, मनुष्य नसेल, तर ती आपल्याला घ्यायला आलेलीच नाही.

प्रश्न : देव पूर्ण आहे तर माणूस कशाला निर्माण केला? आणि शेवटी माणूस देवात विलीन होतो का? (पेडणे)

उत्तर : ‘देव प्रीती आहे’ असे योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. सृष्टी नव्हती तेव्हा देव कोणावर प्रेम करीत होता? एकटा असता तर प्रेम करायला त्याला आपली गरज पडली असती. पित्या-पुत्रात ते प्रेम अनादि आहे, म्हणून माणूस ही देवाची गरज नाही. त्याने आपल्याला फुकट, मोकळ्या मनाने घडवले. गरजेपोटी ठेवलेल्या माणसाला काम संपले की काढून टाकतात. प्रेमापोटी घडवलेल्याला तशी भीती नाही, आणि आमच्या मते या सिद्धान्तातला सर्वांत दिलासा देणारा भाग हाच.

देव-माणसाच्या या नात्याचे नाव प्रेषित पौलाने दिले आहे : दत्तक. रोमकरांस पत्र, ८:१५, ‘दत्तकपणाचा आत्मा’, ज्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. रोमन कायद्यात दत्तक मुलाला औरस मुलासारखाच वारसा मिळे. पुत्र जन्माने पुत्र, आपण कृपेने. हाक तीच, बापही तोच. विलीन होण्याचा प्रश्न इथे सुटतो. दत्तक मूल घरचे होते, बाप होत नाही. देवाच्या जीवनात भागी मिळते आणि माणूस माणूसच राहतो, कारण दोघे उरले नाहीत तर प्रेम कोण कोणावर करणार?

प्रार्थनेला याचा रोजचा उपयोग आहे. चर्चची जुनी रीत : पित्याकडे, पुत्राच्या द्वारे, आत्म्याच्या ठायी. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या, मध्यावर पाद्री भाकर आणि प्याला उंच धरून ‘ह्याच्या द्वारे, ह्याच्यासह, ह्याच्या ठायी’ म्हणतात तेव्हा ती ऐकू येते, आणि त्यावरचा ‘आमेन’ लोकांचा असतो. शब्द सुचत नसतील तेव्हाही प्रार्थना अडत नाही. रोमकरांस पत्राच्या त्याच अध्यायात, २६ व्या ओवीत, आत्मा आपल्यासाठी निःशब्द कण्हून विनंती करतो असे आहे.

प्रश्न : मी नर्स आहे, हिंदू आहे. मरणासन्न बाळाला बाप्तिस्मा द्या, असे ख्रिस्ती आईबाप रात्री विनवतात आणि पाद्री वेळेत पोचत नाहीत. मी दिला तर चालतो? (फोंडा)

उत्तर : कॅथलिक नियमांनुसार चालतो. अशा निकडीच्या वेळी कोणीही देऊ शकते, मात्र चर्च जे करते तेच करण्याचा हेतू हवा. साधे स्वच्छ पाणी, अर्धी वाटी पुरे. बाळाच्या डोक्यावर तीनदा थोडे थोडे ओता आणि ओतताना म्हणा : ‘मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.’ बाळाचे नाव ठरलेले असेल तर आधी ते घ्या. नाजूक बाळाला सिरिंजने थोडेसे पाणीही चालेल, पण ते त्वचेवरून वाहिले पाहिजे. ओला कापूस फिरवू नका, तिथे शंका राहते. पाणी आणि शब्द एकाच वेळी, एकाच माणसाचे.

शब्द बदलू नका. ‘निर्माता, तारक आणि पावन करणारा’ या नावाने दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही असे व्हॅटिकनने २००८ मध्ये स्पष्ट केले. ती तिघांची नावे नव्हेत, कामांची यादी आहे. ‘मी’च्या जागी ‘आम्ही’ म्हटलेलाही २०२० मध्ये अग्राह्य ठरला. नंतर आईबापांना आपल्या चर्चमध्ये कळवून नोंद करायला सांगा. बाळ वाचले तर बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नसतो, राहिलेले विधी तेवढे तिथे पूर्ण होतात.

प्रश्न : त्रैक्याचा सण कधी असतो? (काणकोण)

उत्तर : ईस्टरनंतर आठव्या रविवारी. ईस्टरच्या तारखेत ५६ दिवस मिळवा. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला, म्हणून त्रैक्याचा रविवार २३ मे. त्याच्या आधीचा रविवार पवित्र आत्म्याच्या आगमनाचा. मडगावच्या इस्पिरित सांत चर्चचे पुरुमेंताचे फेस्त याच सणाला धरून येते, आणि पावसाळ्याची बेगमी करायला सगळा सासष्टी लोटतो. पश्चिमेकडच्या संपूर्ण चर्चसाठी त्रैक्याचा सण तेविसावे पोप जॉन नव्हे, बाविसावे पोप जॉन यांनी १३३४ मध्ये लावून दिला. या दोन नावांची गल्लत एका पत्रात होती म्हणून मुद्दाम लिहिले.