तळ्यातील मोठे मासे पहाटे का दगावतात?

प्रश्न : मुरबाड तालुक्यातील एका शेतकरी गटाच्या वीस गुंठ्यांच्या तळ्यात रोहू, कटला व मृगळ सोडलेले आहेत. मे महिन्याच्या अखेरीस सलग ढगाळ हवामान राहिल्यानंतर पहाटे मोठे मासे मरून तरंगताना आढळले. कोणी तरी विष कालवले असावे, असा गटाचा संशय आहे. वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्याने वर चढणारे मासे धरावेत का, अशीही विचारणा आहे.

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा विषप्रयोग नसून पाण्यातील प्राणवायू कमी पडल्याचा प्रकार असण्याची शक्यता अधिक आहे. अशा संशयावरून गावात कायमचे वितुष्ट येते, म्हणून कोणावर आळ घेण्यापूर्वी खुणा नीट पाहाव्यात. प्राणवायू कमी पडला की मोठे मासे आधी दगावतात, बारीक मासे बहुधा तगून राहतात आणि पाण्यावर तोंड काढून हापसणारे मासे ऊन चढल्यावर पुन्हा खाली जातात. कीटकनाशक उतरले असेल, तर बारीक मासे आणि पाणकिडेही मरतात, आणि ते दिवसाच्या कोणत्याही वेळी घडते.

पाण्यातील हिरवे शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ तो वापरत राहतात, त्यामुळे सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. वळवाच्या ढगांमुळे दिवसाची भर पडत नाही, त्यातच पाणी आटून माशांची दाटी झालेली असते. लिटरमागे 5 मिलिग्रॅम प्राणवायू असावा; 3 च्या खाली माशांना त्रास होऊ लागतो. पाण्यात हात बुडवताना मनगट बुडताच तळवा दिसेनासा झाला, तर पाणी गरजेपेक्षा जास्त हिरवे आहे असे समजावे.

शेणखत, पेंड आणि कोंडा ताबडतोब बंद करावा. पहाटे तीनपासून ऊन येईपर्यंत पंपाने तळ्यातीलच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे पुन्हा तळ्यात पाडावे, आणि विकण्याजोगे जिवंत मासे गाळ न ढवळता पागाने (फेकून टाकायच्या जाळ्याने) काढून दाटी कमी करावी. मेलेले मासे खाऊ वा विकू नयेत, ते पुरावेत. तरीही विषाचा संशय उरल्यास त्याच सकाळी स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना घेऊन तो थंड जागी ठेवावा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी संपर्क साधावा.

वलगणीचे मासे पहिल्या पावसात ओढ्याने भातखाचरांत अंडी घालण्यासाठीच चढतात. गाभोळी भरलेली मादी ओढ्याच्या तोंडाशीच धरली, तर पुढच्या वर्षीचे मासेच त्या जाळ्यात जातात, म्हणून पहिले काही दिवस तरी वाट मोकळी ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रोहू, कटला व मृगळ मात्र साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज जुलै-ऑगस्टमध्ये विकतच आणावे लागेल. आपल्या तळ्यास सुमारे 1000 बोटुकल्या (बोटाएवढी पिल्ले) पुरेत. बंदी असलेला थाई मागूर मासा कोणी स्वस्तात दिला तरी घेऊ नये. बोटुकल्यांची पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवून मगच उघडावी.