कपाटाला कुलूप, किल्ली मॅडमकडे, मॅडम रजेवर

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो, मुलगा दुसरीत आहे, दमा आहे. परवा शाळेत पीटीच्या तासाला त्याला धाप लागली, इन्हेलर ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली ज्या मॅडमकडे त्या रजेवर. किल्ली सापडेपर्यंत पोरगा रडकुंडीला आला होता. आणि मला कळलं कुणाकडून, तर दुपारी व्हॅनवाल्या भैयांकडून! शाळेत विचारलं तर म्हणे ग्रुपवर मेसेज टाकला होता. मी त्यांच्याशी भांडू का?

उत्तर : भांडा की, पण आधी कामाचं करून घ्या, म्हणजे भांडणात वेळ जाणार नाही.

कुलपातलं तातडीचं औषध म्हणजे नसल्यातच जमा. गोळ्या-सिरप कुलपात ठेवा, कोण नाही म्हणतंय, पण दम्याचा तातडीचा इन्हेलर वर्गातच हवा, बाईंच्या टेबलाच्या खणात किंवा उंचावर अडकवलेल्या पाऊचमधे, नाव लिहून, स्पेसरसकट, म्हणजे इन्हेलरला जोडायची ती पोकळ नळी, जिच्यातून मूल औषध श्वासाबरोबर ओढतं. ग्राउंडवर गेले की पाऊच बरोबर, मांडूची सहल असली तरी बरोबर. दुसरा इन्हेलर दप्तरात ठेवा आणि तो कुठल्या कप्प्यात आहे हे बाईंना आणि मुलाला दोघांनाही माहीत हवं. व्हॅनमधे मात्र विसरू नका, औषध ३० अंशांच्या आत ठेवायचं असतं आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच चाळिशी पार, बंद व्हॅन तर भट्टीच.

आता एक गोष्ट बरेच पालक करतात, घरातला अर्धा वापरलेला इन्हेलर शाळेत देतात. साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे या तातडीच्या औषधाच्या, डबीत बहुतेक २०० पफ असतात, ज्यावर आकडा दिसणारा काउंटर नाही ती हलवून किंवा पाण्यात टाकून किती उरलंय ते कळत नाही, औषध संपल्यावरही नुसता गॅस फुसफुसतो आणि बाईंना वाटतं दिलं. म्हणून शाळेसाठी नवीन आणा, काउंटरवाला मिळाला तर उत्तम, एक्स्पायरी मोबाइलच्या कॅलेंडरमधे टाका आणि बरेच दिवस न वापरलेला असेल तर आधी एकदोन पफ हवेत सोडायला बाईंना सांगा.

मग एक कागद, एकच पान, मुलाच्या फोटोसकट, डॉक्टरांच्या सहीचा. धाप लागली तर ताठ बसवायचं, आडवं करायचं नाही. स्पेसरमधून एकेक करत ४ पफ, प्रत्येक पफनंतर ४ श्वास, मग ४ मिनिटं थांबून पुन्हा ४, ही बऱ्याच ठिकाणी शिकवतात ती पद्धत, पण तुमच्या डॉक्टरांनी त्या कागदावर जे लिहिलंय तेच शाळेनं करायचं. तरी बरं वाटत नसेल, किंवा मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील तर लगेच १०८, आणि गाडी येईपर्यंत पफ चालू ठेवायचे.

कळवण्याचं म्हणाल तर ग्रुपवर टाकणं म्हणजे कळवणं नाहीच, उलट पन्नास घरांत तुमच्या मुलाचा आजार पोचला. फोन करायचा, कुणीतरी उचलेपर्यंत करायचा. नंबर देताना आई-बाबा असा क्रम लावू नका, दुपारी फोन उचलतो कोण त्याचा नंबर पहिला, बहुतेक घरांत ती आजी असते! पण औषध आधी, गरज असली तर १०८, मग घरी फोन. आईला विचारून मग पफ देऊ असं शाळेनं म्हणायला नको, म्हणून परवानगी आधीच लेखी देऊन ठेवा. आणि दोन पफमधे बरं वाटलं तरी त्याच दिवशी डायरीत वेळ आणि पफ लिहून आले पाहिजेत, कारण त्याला आठवड्यातून तीनदा धाप लागत असेल तर रोजच्या औषधाबद्दल डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

प्रश्न : मी सुदामा नगरच्या शाळेत शिकवते. आमच्याकडे नर्स नाही. औषध आम्ही दिलं आणि काही झालं तर आमच्यावरच येईल नं?

उत्तर : ही भीती खोटी नाही. म्हणूनच मनानं काही द्यायचं नाही, पालकांची सही आणि डॉक्टरांचा कागद असेल त्याच मुलाला, त्याचंच औषध, दिल्याबरोबर वेळ लिहून. इंग्लंडमधे तर २०१४ पासून शाळा स्वतः जादाचा इन्हेलर विकत घेऊन ठेवू शकतात, पण तिथेही तो दम्याच्या किंवा इन्हेलर लिहून दिलेल्या आणि पालकांची संमती असलेल्या मुलांनाच देतात. स्पेसर वापरायला दहा मिनिटांत येतं, दोघीतिघींनी मिळून शिका, शिपाईमामांनाही बसवा, गॅदरिंगच्या दिवशी तेच हाताशी असतात.

प्रश्न : मुलीला टाइप वन डायबिटीस आहे, वर्गात खायला देत नाहीत.

उत्तर : देत नाहीत म्हणजे काय! सीबीएसईनं २०१७ मधे बोर्डाच्या परीक्षेच्या हॉलमधेसुद्धा अशा मुलांना खाऊ आणि साखरेच्या गोळ्या न्यायला परवानगी दिली, मग रोजच्या तासाला काय अडचण. ते प्रिन्सिपॉलना दाखवा. रक्तातली साखर ७० (mg/dL) च्या खाली गेली की साधारण ३ चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८. आणि चक्कर येतेय म्हणाली तर तिला एकटीला ऑफिसात पाठवू नका हे बाईंना स्पष्ट सांगा, साखर वर्गात तिच्या जागेवर आणून द्यायची.